बँक खाते बंद करते तेव्हा : काय मागावे, कोणाकडे मागावे

सुताच्या व्यापाऱ्याला दिलेले पुढच्या तारखांचे धनादेश बाहेर आहेत, दोन गिऱ्हाइकांची रक्कम यायची आहे, कारागिरांची आठवड्याची मजुरी द्यायची आहे. आणि अशा वेळी बँकेचे पत्र हाती पडते की आपले खाते पुढे चालू ठेवणे बँकेला शक्य नाही, अमुक तारखेपर्यंत शिल्लक रक्कम काढून घ्यावी. कारण काय, याचा पत्रात उल्लेख नसतो. फार तर 'बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार' एवढेच शब्द.

आपल्याकडील व्यापारी अशा वेळी बहुधा दोहोंपैकी एक करतो. एक तर शाखेत जाऊन मॅनेजरशी तावातावाने भांडतो, नाही तर 'जाऊ द्या, बँका काय कमी आहेत' म्हणून गुपचूप पैसे काढून दुसरीकडे जातो. भांडणाने काही हाती लागत नाही, कारण त्याची नोंद कोणत्याही कागदावर राहत नाही. गुपचूप निघून जाण्याने तूर्त भागते. परंतु ज्या कारणाने एका बँकेने दार लावले तेच कारण दुसऱ्या बँकेच्या तपासणीत निघाले, तर वर्षभरात पुन्हा तोच प्रसंग येतो. या लेखात आम्ही तिसरा मार्ग मांडत आहोत. तो कागदाचा आहे आणि थोडा कंटाळवाणाही आहे. त्याने प्रत्येक वेळी खाते परत मिळेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु लेखी कारण, पुरेशी मुदत आणि स्वतःचा पैसा या तीन गोष्टींसाठी भांडता येते, आणि व्यापाऱ्याला खरी गरज याच तिहींची असते.

आधी पाहावे, दार कोणी लावले

'खाते बंद झाले' असे सांगत येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे खाते खरे तर बंद झालेलेच नसते. ते अडवलेले असते. हा फरक समजून घेतल्याशिवाय एक अर्जही करू नये, कारण प्रत्येक प्रकारात दाद मागण्याची जागा वेगळी आहे.

दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. हे किरकोळ प्रकरण आहे. ओळखपत्रे घेऊन जावे, खाते पुन्हा सुरू होते, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यासाठी आकार घेता येत नाही.

दुसरा प्रकार केवायसीचा. ग्राहकाची कागदपत्रे बँकेने ठरावीक काळाने ताजी करायची असतात : जोखीम अधिक मानलेल्या ग्राहकाची दोन वर्षांनी, मध्यमाची आठ आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांनी. कागद न दिल्यास बँक व्यवहार थांबवते. मात्र २०२५ साली नियमात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मुदतीपूर्वी तीन सूचना आणि मुदतीनंतर तीन स्मरणे देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि दोन्ही वेळा त्यांतील किमान एक पत्राने दिलेली असली पाहिजे. पत्ता, धंदा काहीच बदललेले नसेल तर तसे स्वतःचे लेखी निवेदनही पुरते. 'तुम्ही केवायसी केली नाही' असे काउंटरवर ऐकवले गेले, तर त्या सहा सूचनांच्या तारखा मागाव्यात.

तिसरा प्रकार अलीकडे फार वाढला आहे : पोलिसांच्या सायबर विभागाच्या सांगण्यावरून खाते गोठवणे. फसवणुकीचा पैसा तीन-चार खात्यांतून फिरत एखाद्या दुकानदाराच्या क्यूआर कोडवर येतो. दुकानदाराने माल दिलेला असतो, गिऱ्हाईक कोण हे त्याला ठाऊकही नसते. दिल्लीत रस्त्यावर छोले-भटुरे विकणाऱ्या एका गृहस्थाच्या खात्यात असे १०५ रुपये आले आणि सव्वा लाखाच्या आसपास शिल्लक असलेले त्याचे संपूर्ण खाते गोठले. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते खाते मोकळे करायला सांगितले आणि फक्त १०५ रुपये रोखून ठेवण्यास परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही अशाच प्रकरणांत वादाची रक्कम तेवढी अडवावी, सारे खाते नव्हे, अशी भूमिका घेतली होती. अशा वेळी बँकेशी भांडून उपयोग नाही, कारण हुकूम बँकेचा नसतो. कोणत्या राज्यातील कोणत्या पोलीस ठाण्याचा आदेश आहे, तक्रार क्रमांक कोणता आणि वादाची रक्कम किती, हे बँकेकडून लेखी घ्यावे. मग त्या व्यवहाराचे बिल, पावती, मालाची नोंद जोडून त्या ठाण्याला अर्ज करावा. बँकेकडेही दुसरा अर्ज द्यावा की, वादाची रक्कम राखून बाकीचे खाते चालू करावे.

चौथा प्रकार हाच या लेखाचा खरा विषय : बँकेने स्वतः विचार करून खाते संपवणे.

बँकेला तसा हक्क आहे काय?

आहे, आणि हे आधी मान्य केलेले बरे. बँक आणि खातेदार यांच्यातील नाते कराराचे आहे. आपण ज्याप्रमाणे केव्हाही खाते बंद करू शकतो, त्याप्रमाणे बँकही करू शकते. पण बँकेने वाजवी मुदत दिली पाहिजे. ही मुदत किती, हे प्रत्येक ग्राहकाच्या धंद्यावर ठरते. याबाबतचा एक जुना इंग्रजी निवाडा आजही बँकिंग कायद्याच्या अभ्यासात शिकवला जातो. लंडनमधील एका कंपनीचे हजारो गिऱ्हाईक लॉईड्स बँकेतील तिच्या खात्यावर पैसे पाठवत असत. बँकेने एक महिन्याची सूचना देऊन खाते बंद करायचे ठरवले. १९२३ साली न्यायाधीशांनी निर्णय दिला की एवढ्या पसरलेल्या धंद्याला एक महिना पुरेसा नाही. परंतु बँकेने खाते चालूच ठेवावे, असा हुकूम द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. मुदत अपुरी म्हणून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येईल, एवढाच त्याचा अर्थ.

या निवाड्यातून व्यापाऱ्याने घ्यायचा बोध सरळ आहे. 'माझे खाते बंद करताच येणार नाही' या मुद्द्यावर लढू नये, तिथे बाजू दुबळी आहे. 'माझ्या धंद्याचा पसारा पाहता ही मुदत अपुरी आहे' हा मुद्दा भक्कम आहे. तो मांडायचा तर पसारा दाखवावा लागतो : किती धनादेश बाहेर आहेत, कोणकोणती देणी या खात्यातून आपोआप जातात, किती गिऱ्हाइकांकडे हा खाते क्रमांक आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनेही या हक्काला कुंपण घातलेले आहे. २००६ सालच्या बँकिंग लोकपाल योजनेत तक्रारीची जी कारणे मोजून दिली होती, त्यांत 'योग्य सूचनेशिवाय किंवा पुरेशा कारणाशिवाय ठेव खाते जबरदस्तीने बंद करणे' हे एक कारण स्पष्ट शब्दांत होते. पुढे २०२१ च्या योजनेने ही यादीच काढून 'सेवेतील उणीव' हा एकच व्यापक शब्द घातला. जुने शब्द गेले, पण तक्रार कशी मांडावी याचा नमुना म्हणून ते आजही उपयोगी आहेत. शिवाय डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक हक्कांची सनद प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्याच हक्कात म्हटले आहे की स्त्री-पुरुष, वय, धर्म, जात किंवा शारीरिक क्षमता यांवरून ग्राहकांत भेद करता येणार नाही.

या शेवटच्या मुद्द्याबाबत आम्हांला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या वस्तीतील एखाद्याचे खाते बंद झाले की 'नाव पाहून केले' ही चर्चा लगेच सुरू होते. कधी ती खरीही असेल. पण संशय हा पुरावा नव्हे. मॅनेजर तसे बोलला असेल, त्याने लेखी काही विचारले असेल, त्याच बाजारातल्या त्याच धंद्याच्या इतरांना वेगळी वागणूक मिळाल्याचे दाखवता येत असेल, तर सनदेचा उल्लेख करून हा मुद्दा जरूर लिहावा. काहीच हाती नसेल तर तो अर्जात घालू नये. त्याने बाकीचे पक्के मुद्दे झाकले जातात.

लंडनच्या मशिदीचा खटला

नावाचा आणि संशयाचा विषय निघालाच आहे, तर लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. जुलै २०१४ मध्ये एचएसबीसी बँकेने या मशिदीला कळवले की तिचे खाते आता बँकेच्या 'जोखीम घेण्याच्या मर्यादेबाहेर' आहे, म्हणून ते बंद होईल. त्याच सुमारास उम्मा वेल्फेअर ट्रस्ट या मदतसंस्थेला आणि कॉर्डोबा फाउंडेशनलाही तशीच पत्रे गेली. विश्वस्तांना कारण कळेना. या मशिदीचा पूर्वीचा काळ वादग्रस्त होता हे खरे, पण २००५ पासून कारभार नव्या विश्वस्तांकडे होता आणि स्थानिक लोक व अधिकारी यांच्याशी त्यांचे चांगले संबंध होते.

पुढे पत्रकारांच्या शोधातून उलगडा झाला. बँका ग्राहकांची नावे तपासण्यासाठी 'वर्ल्ड-चेक' नावाची खासगी माहितीसूची विकत घेतात. ती तेव्हा थॉमसन रॉयटर्स कंपनीची होती. तिच्यात मशिदीचे नाव दहशतवादाच्या सदराखाली घातलेले होते, आणि त्यात जुन्या कारभाराच्या काळातील गोष्टींचा आधार होता. विश्वस्तांनी मग बँकेवर नव्हे, तर माहिती पुरवणाऱ्या कंपनीवर बदनामीचा दावा लावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने न्यायालयात माफी मागितली, १०,००० पौंड भरपाई दिली आणि दाव्याचा खर्चही दिला.

मशिदीने बँकेला खाते उघडायला लावले नाही. तिने चुकीची नोंद दुरुस्त करायला लावली. बँकेचा निर्णय ज्या कागदावर उभा असतो तो कागद चुकीचा असेल, तर निर्णयाशी झुंजत बसण्यापेक्षा त्या कागदाला हात घालणे अधिक फायद्याचे असते. नोंद तशीच राहिली असती, तर पुढची प्रत्येक बँक तीच सूची उघडून पाहणार होती.

आपल्या बाजारात ही गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात दिसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आणि सरकारच्या प्रतिबंधित याद्यांशी ग्राहकांची नावे ताडून पाहणे येथील बँकांनाही सक्तीचे आहे. आपल्यात नावे थोडी आणि माणसे फार. एका गल्लीत पाच मोहम्मद सलीम शेख सापडतील. केवळ नामसाधर्म्यामुळे पैसा गोठला, तर गृह मंत्रालयाच्या आदेशात त्यासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे : पुराव्यासह बँकेकडे लेखी अर्ज करायचा, बँकेने तो पुढे पाठवायचा, आणि तपासणीनंतर निर्णय व्हायचा. जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि छायाचित्र असलेले कागद अशा वेळी सर्वांत मोलाचे ठरतात.

त्याहून कितीतरी अधिक वेळा अडचण होते ती एकाच माणसाच्या चार कागदांवर चार नावे असल्यामुळे. आधारवर 'शेख मोहम्मद युसुफ', पॅनवर 'युसुफ मोहम्मद शेख', गुमास्ता परवान्यावर 'मो. युसुफ' आणि दुकानाच्या पाटीवर वडिलांचेच नाव. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ तर विचारूच नका. संगणकाला ही चार माणसे वाटतात. मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी आपण चकरा मारतो, तेवढ्याच चिकाटीने आपल्या पॅन, आधार, उद्यम नोंदणी आणि जीएसटीवरील नाव एका रूपात आणून घ्यावे. मोठा बदल असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घेण्याची सोय आहे.

आपल्या बाजूच्या चुका

बँकेला दोष देण्याआधी खात्याचा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. बँकेला खटकणाऱ्या गोष्टी बहुधा त्यातच सापडतात.

धंद्याची सारी उलाढाल बचत खात्यातून करणे ही सर्रास आढळणारी गोष्ट. करंट खाते उघडायला दोन व्यवसायपुरावे लागतात म्हणून लोक टाळतात. परंतु उद्यम नोंदणी आणि गुमास्ता परवाना हे दोन पुरतात, आणि एखाद्या छोट्या कारागिराला दोन कागद देणे खरोखरच शक्य नसेल, तर एका कागदावर आणि प्रत्यक्ष जागेची पाहणी करून खाते उघडण्याची मुभा बँकेला आहे. दुसरी गोष्ट भिशीची. मोहल्ल्याच्या भिशीचे पैसे, मशिदीच्या दुरुस्तीची वर्गणी, उमराहला जाणाऱ्या गटाची रक्कम, हे सगळे विश्वासू दुकानदाराच्या खात्यात जमा होते. विश्वास चांगलाच आहे. पण बँकेला दिसते ते असे की चपलांच्या दुकानाच्या खात्यात चाळीस अनोळखी माणसांकडून रक्कम आली आणि चार दिवसांत एकरकमी निघून गेली. विश्वस्त मंडळाचे किंवा संस्थेचे खाते वेगळे असावे. आणि 'आठ दिवस तुमच्या खात्यावर पैसे मागवतो' म्हणणाऱ्या भाच्याला, मित्राला किंवा दलालाला स्पष्ट नकार द्यावा. अशा उसन्या खात्यांतूनच फसवणुकीचा पैसा फिरतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे.

पत्र कसे लिहावे

सूचना मिळाल्यापासून आठवड्याच्या आत बँकेला उत्तर गेले पाहिजे. शाखेत प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोहोच घ्यावी. शाखा पोहोच देत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. ईमेल असेल तर त्यावरही पाठवावे. मजकूर पुढीलप्रमाणे असावा :

'प्रति, शाखाधिकारी. विषय : खाते क्रमांक अमुक बंद करण्याबाबतचे आपले दिनांक अमुकचे पत्र. महोदय, सदर खाते मी इतक्या वर्षांपासून माझ्या अमुक व्यवसायासाठी वापरत आहे. आपल्या पत्रात खाते बंद करण्याचे कारण दिलेले नाही. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. खाते उघडताना मान्य केलेल्या कोणत्या अटीनुसार हा निर्णय घेतला? माझ्याकडून एखादे कागदपत्र येणे बाकी आहे काय, असल्यास कोणते? कोणा शासकीय यंत्रणेचा किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक काय? माझे अमुक क्रमांकांचे धनादेश बाहेर आहेत आणि अमुक हप्ते या खात्यातून जातात, त्यामुळे दिलेली मुदत अपुरी आहे. ती अमुक तारखेपर्यंत वाढवावी. वाढीव मुदतीतही खाते बंदच करायचे ठरल्यास शिल्लक रक्कम माझ्या अमुक खात्यात वर्ग करावी आणि बंद केल्याचे प्रमाणपत्र द्यावे. माझे हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तिचा क्रमांक द्यावा.'

शेवटचे वाक्य विसरू नये. तक्रार क्रमांक मिळाला की दिवस मोजायला सुरुवात होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एखाद्या खात्यातील व्यवहार संशयास्पद वाटला तर बँकेला त्याचा अहवाल सरकारी यंत्रणेला द्यावा लागतो, आणि असा अहवाल दिला हे ग्राहकाला सांगण्यास काळा पैसा प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. ग्राहकाला कोणत्या जोखीम गटात टाकले हेही बँकेने गुप्त ठेवायचे असते. तेव्हा मॅनेजर गप्प आहे म्हणजे मग्रूर आहे, असे नेहमीच नसते. म्हणूनच वरच्या पत्रात 'माझ्यावर संशय का घेतला' असे विचारलेले नाही. बँकेला ज्यांचे उत्तर देता येते तेच प्रश्न त्यात आहेत.

बँक सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही जोडीला करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःच्याच खात्याबाबत घेतलेल्या निर्णयाची टिपणी आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा मागावा. काही भाग नाकारला जाईल, तरी कोणत्या कलमाखाली नाकारला हेही एक उत्तरच असते.

लेखी कारण मिळाल्याने काय फरक पडतो, ते पुढील उदाहरणावरून दिसेल. ६ ऑगस्ट २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने करंट खात्यांबाबत नवा नियम केला : ज्याने एका बँकेकडून कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट घेतला आहे, त्याला दुसऱ्या बँकेत करंट खाते ठेवता येणार नाही. हेतू मोठ्या कर्जदारांनी पैसा इकडचा तिकडे वळवू नये हा होता, पण अंमलबजावणीच्या वेळी २०२१ साली लहान व्यापाऱ्यांचीही खाती बंद होऊ लागली. ओरड झाली. ऑगस्टमध्ये मुदत वाढवली गेली आणि २९ ऑक्टोबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले की बँकांकडील एकूण कर्ज पाच कोटींहून कमी असलेल्यांना ही बंदी नाही, त्यांनी तसे हमीपत्र द्यावे. पुढेही या नियमात बदल होत गेले. ज्याच्याकडे 'अमुक तारखेच्या परिपत्रकानुसार खाते बंद' असे लेखी कारण होते, त्याला ते परिपत्रक सैल होताच खाते परत मागायला आधार होता. ज्याला नुसते तोंडी सांगितले गेले होते, त्याच्यापाशी काय होते?

बँकेने ऐकले नाही तर

लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही व्यवस्था प्रथम १९९५ साली आली. नोव्हेंबर २०२१ पासून बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तक्रारींसाठी एकच एकात्मिक योजना झाली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर करता येते, किंवा साध्या कागदावर लिहून चंडीगड, सेक्टर १७ येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार केंद्राकडे टपालाने पाठवता येते. फी नाही. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करावा. वकिलाची गरज नाही. किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नाही, स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत करावी लागते. भरपाईची कमाल रक्कम आणि तक्रारीची मुदत यांचे नियम मधून मधून बदलतात, म्हणून ते त्या दिवशी पोर्टलवर पाहावेत, आणि मुदत कितीही असली तरी बँकेच्या उत्तरानंतर महिन्याच्या आत तक्रार टाकून मोकळे व्हावे.

येथे एक खाच आहे. बँकेच्या 'व्यावसायिक निर्णया'विरुद्ध तक्रार लोकपाल घेत नाही. 'माझे खाते बंद करण्याचा निर्णय रद्द करा' एवढेच लिहिले तर बँक हाच पडदा पुढे करील. म्हणून तक्रार अशी मांडावी : पुरेशी सूचना दिली नाही, पत्राला उत्तर दिले नाही, शिल्लक रक्कम इतके दिवस अडवली, त्यामुळे इतक्या रुपयांचे नुकसान झाले. या सर्व सेवेतील उणिवा आहेत. त्याच विषयावर न्यायालयात दावा चालू असेल तर लोकपालाकडे जाता येत नाही, तेव्हा आधी कुठे जायचे हे ठरवावे.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तो सर्वांना सारखा उघडा नाही. नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हेच सांगितले. मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी सेवा घेणारा ग्राहकच मानला जातो. स्वतःच्या हाताने काम करणारा शिंपी, सुतार, जरीकाम करणारा, मिरजेचा सतार घडवणारा येथे जाऊ शकतो. घाऊक व्यापाऱ्याची वाट अवघड आहे. मुदत दोन वर्षांची. उच्च न्यायालयातील रिट अर्ज सरकारी बँकेविरुद्ध चालतो. खासगी बँकेविरुद्ध सामान्यतः चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट केले आहे. आणि खाते बँकेत नसून पतसंस्थेत असेल तर यांपैकी लोकपालाचा दरवाजा नाहीच. तेथे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करावी.

दरम्यानचे दिवस

तक्रार चालू असताना धंदा थांबत नाही, आणि सर्वांत मोठा धोका याच दिवसांत असतो. तो बाहेर दिलेल्या धनादेशांचा. 'खाते बंद' असा शेरा मारून धनादेश परत गेला तरी कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवलेले आहे. खाते आपण नव्हे तर बँकेने बंद केले, हा बचाव न्यायालयात मांडता येईल, पण त्यासाठी तारखांना जावे लागेल. त्यापेक्षा सूचना मिळताच ज्यांच्याकडे धनादेश आहेत त्या प्रत्येकाला पत्राने किंवा व्हॉट्सॲपवर लेखी कळवावे, जुने धनादेश परत मागावेत आणि दुसऱ्या खात्यावरील द्यावेत. तरीही एखाद्याने धनादेश भरला आणि वकिलाची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत दुसऱ्या मार्गाने रक्कम चुकती करावी, म्हणजे खटला उभा राहत नाही.

नवे खाते उघडताना जुने का बंद झाले असे विचारले गेले तर खरे सांगावे आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार दाखवावा. जीएसटी नोंदणीतील खाते क्रमांक बदलावा, विम्याचे व कर्जाचे हप्ते नव्या खात्याला जोडावेत, दुकानातील क्यूआर कोडचे जुने फलक उतरवावेत. जुन्या बँकेतच कर्ज असेल तर शिल्लक रक्कम ती कर्जात वळती करू शकते, तेव्हा मजुरीचा पैसा आधीच बाजूला काढावा. लॉकर त्याच शाखेत असेल तर त्याबाबतही त्याच पत्रात विचारून घ्यावे. आणि खाते बंद होण्यापूर्वी मागील काही वर्षांचा शिक्क्यानिशी उतारा घेऊन ठेवावा. आयकर, जीएसटी किंवा पोलीस यांपैकी कोणी पुढे विचारले, तर बंद खात्याचा उतारा मिळवायला पुन्हा त्याच मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहावे लागते.